मदत हवी: नागपूरहून न सांगता परत आलेल्या पेशंटला पुन्हा कसं न्यायचं?

पामुलकाठ (शुक्रवार, सकाळी ७:१०)
लवकर उत्तर हवं आहे. भामरागड तालुका, १४ वर्षांचा मुलगा, माझा विद्यार्थी. नागपूरच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात भरती होता. तिसऱ्या रात्री आईवडील त्याला घेऊन कोणाला न सांगता निघून आले. आता परत जायला तयार नाहीत. पिवळं कार्ड आहे, आधार आहे. सोमवारी सुट्टी टाकून मी स्वतः नेणार आहे. पुन्हा भरती करून घेतात का? दंड लागतो का? तिथे कोणाला भेटायचं? रेंज सारखी जाते, थेट सांगा.

सिस्टर_चंद्रपूर (७:३२)
दंड नसतो, भरती नाकारतही नाहीत. जुना केसपेपर असेल तर सोबत न्या. पण मॅडम, आजार काय ते लिहिलंच नाही!

पामुलकाठ (७:५०)
सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. रक्त चढवायला पाठवलं होतं. आमच्याकडे मलेरिया नाहीतर सिकल, त्यामुळे लिहायचं राहिलं.

अहेरीकर (७:५८)
पिवळं कार्ड म्हणजे कोणतं? रेशनचं की सिकलसेलचं? सिकलचं पिवळं असेल तर पोरगा नुसता वाहक आहे, म्हणजे दोष अंगात पण आजार नाही; लाल असेल तर ग्रस्त. वाहकाला सहसा रक्त लागत नाही.

पामुलकाठ (८:०५)
पिवळं रेशनचं. सिकलचं लाल आहे.

अंबाझरी (८:११)
सरकारीत कशाला नेता? माझ्या भाचीला आम्ही खासगी रक्तविकारतज्ज्ञांकडे दाखवलं, दोन महिन्यांत फरक पडला. पैसा आज ना उद्या येतो, जीव परत येत नाही.

अहेरीकर (८:१६)
दादा, ते घर मोहफुलं आणि तेंदूपानावर चालते. खासगीतला एक दिवस म्हणजे त्यांचा अख्खा हंगाम.

गव्हांकुर (८:२०)
गव्हांकुराचा रस रोज एक पेला, सोबत बीट, डाळिंब आणि लोहाच्या गोळ्या. आमच्या शेजारच्या मुलाचं हिमोग्लोबिन ६ वरून ११ झालं.

सिस्टर_चंद्रपूर (८:२६)
कृपा करून लोहाच्या गोळ्या सुचवू नका. वारंवार रक्त घेणाऱ्याच्या अंगात लोह आधीच साचत असतं. सिकलला फॉलिक अ‍ॅसिड देतात, आणि डॉक्टरांनी ठरवलं तर हायड्रॉक्सीयुरिया, तेही रक्त तपासत तपासत. शेजारच्या मुलाला सिकल होता का?

गव्हांकुर (८:३१)
नाही, साधा अशक्तपणा होता. पण रसाने नुकसान तरी काय?

जुना_कार्यकर्ता (८:४०)
मॅडम, नीट वाचा. वॉर्डात जायच्या आधी समाजसेवा अधीक्षकांना भेटा. सरकारी मोठ्या दवाखान्यात हे पद असतं, पण लोकांना माहीत नसतं. जेवण, राहणं, कागद अडले की तेच मार्ग काढतात. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचं काम दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे. आता सर्व रेशनकार्डधारकांना वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. कोणी टाळलं तर १५५३८८ वर तक्रार. रेशनकार्डावर आणि आधारवर नाव सारखं आहे ना, ते आजच बघा. निम्मी माणसं तिथेच अडकतात.

अंबाझरी (८:४६)
सरकारी दवाखाने तर १५ ऑगस्ट २०२३ पासून पूर्ण मोफत झालेत ना? मग योजना कशाला?

जुना_कार्यकर्ता (८:५२)
ते सार्वजनिक आरोग्य विभागाचे. मेडिकल कॉलेजं वेगळ्या खात्याची, तो निर्णय त्यांना नाही. मात्र सिकलसेलच्या पेशंटला रक्तपेढीतून रक्त मोफत मिळालं पाहिजे आणि बदली रक्तदाता मागू नये, हे कुठेही लागू. बापाला कोणी ‘आधी रक्तदाता आण’ म्हटलं होतं का?

झाडीपट्टी (९:०४)
लग्नाआधी दोघांची कार्डं बघायला हवीत. दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात मूल ग्रस्त निघण्याची शक्यता २५ टक्के. शाळेतच मुलांना शिकवा.

पामुलकाठ (९:१५)
शिकवते. पण आत्ता हे एक पोरगं समोर आहे.

अंबाझरी (९:२२)
खरं कारण कोणी बोलत नाही. ही मंडळी पुजाऱ्याच्या नादी लागतात. कितीही न्या, पळूनच येणार.

सिस्टर_चंद्रपूर (९:२९)
तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, हे पटत नाही. मॅडम, का निघालो ते आईला विचारलंत का? तिच्या भाषेत?

पामुलकाठ (१०:४८)
आत्ता जाऊन विचारून आले. मला माडिया कामापुरती येते, आशाताईंना (आशा सेविका) सोबत घेतलं. आई म्हणाली, पोराला रक्त कमी आहे म्हणून नेलं आणि तिथे रोज नळी भरून रक्त काढत होते. कशासाठी, ते कोणी सांगितलं नाही. ती विचारायची, तिचं कोणाला कळायचं नाही. बापाला रात्री वॉर्डाबाहेर काढलं. त्याला कागद आणायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं, तर तो संध्याकाळपर्यंत सापडला नाही. ती म्हणते, आहे तेवढं रक्त वाचवलं. हीच बाई पावसात पोराला पाठीवर घेऊन उपकेंद्रापर्यंत चालत आली होती. पळून आली म्हणू नका.

अहेरीकर (१०:५५)
डॉक्टर बंग दांपत्याने गडचिरोली जिल्ह्यात शोधग्रामला दवाखाना बांधायच्या आधी लोकांना विचारलं होतं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, हेच लोक बोलले. म्हणून तो झोपड्यांचा केला आणि दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. बाकी आमच्याकडे पर्लकोटा नदी चढली की दवाखाना कसाही बांधा, पोचणार कसं? पुलावर वेगळा धागा काढायला हवा.

जुना_कार्यकर्ता (११:०२)
मॅडम, तुम्ही एकदा सोडून याल. मग रात्री कोण? आशाताईंना दोन दिवस सोबत ठेवता येतं का बघा. माडिया बोलणारं माणूस खाटेजवळ नसेल तर माझे सगळे कागद फुकट.

पामुलकाठ (११:१०)
विचारते. सोमवारपर्यंत ताप उतरला तर प्रवासही सोपा जाईल.

सिस्टर_चंद्रपूर (११:१२)
ताप?? कधीपासून? किती? छातीत दुखतं का, धाप लागते का?

पामुलकाठ (११:१९)
काल रात्रीपासून, १०२. छातीचं विचारलं नाही.

सिस्टर_चंद्रपूर (११:२१)
सोमवार विसरा. सिकलच्या पोराला एवढा ताप म्हणजे आज, आत्ता. १०८ लावा, नाही लागला तर मिळेल ती गाडी. आधी ग्रामीण रुग्णालय, नागपूरचं ते ठरवतील. पाणी पाजत राहा, अंगावर पांघरूण. लाल कार्ड हातात धरूनच आत जा.

पामुलकाठ (१२:३५)
गाडी आली आहे. आशाताई येतायत. आई दारातच थांबली आहे. विचारते, एका नळीत किती रक्त जातं? किती सांगू?

सिस्टर_चंद्रपूर (१२:३७)
दोन-तीन मिली, म्हणजे अर्धा चमचा. चमच्यात पाणी घेऊन दाखवा तिला. नळी भरताना सिस्टरला सांगा, आईला जवळ उभी राहू द्या.