रिअर विंडोमधली ती नर्स, थेल्मा रिटर. हिचं अजून काय बघू?

रात्रपाळी
परवा झोप येत नव्हती म्हणून हिचकॉकचा रिअर विंडो सिनेमा परत लावला. दरवेळी आपण जेम्स स्टुअर्ट नाहीतर ग्रेस केलीकडे बघतो, पण या खेपेला माझं लक्ष सारखं त्या मालिश करायला येणाऱ्या नर्सबाईकडे जात होतं. स्टेला. स्टुअर्टचा पाय प्लास्टरमध्ये, ही पाठ रगडता रगडता लग्न कर म्हणून सुनावते, लोकांच्या खिडकीत डोकावतोस म्हणून झापते आणि मग थोड्या वेळाने स्वतःच दुर्बीण मागून घेते! आणि तो नाश्ता करत असताना खुन्याने बायकोचे तुकडे बाथटबमध्येच केले असणार वगैरे अगदी भाजी निवडताना बोलावं तसं बोलते, त्याचा घास तोंडाशीच थांबतो. मी एकटाच हसत होतो रात्री दोन वाजता.

तर शोधल्यावर कळलं की या बाईला ऑस्करची ६ नामांकनं आणि एकही मिळालं नाही. खरंच का? आणि ही मुळात नाटकातली का? बोलण्याचं टायमिंग तरी तसं वाटतं. जाणकारांनी सांगा काय बघू आणि कुठून सुरुवात करू.

विंगेतली_खुर्ची
हो, सहाच्या सहा सहाय्यक अभिनेत्रीची. १९५० ते ५३ सलग चार वर्षं, मग १९५९ आणि १९६२. दरवर्षी कोट घालून जायचं आणि टाळ्या वाजवून परत यायचं. गंमत म्हणजे १९५५ च्या सोहळ्यात हॉलिवूडहून बॉब होप आणि न्यूयॉर्कहून सूत्रसंचालनाला हीच होती. म्हणजे घरचं कार्य असल्यासारखं राबवून घेतलं, ऑस्करची बाहुली मात्र दिली नाही.

नाटकाचं म्हणाल तर जन्म ब्रुकलिनचा, १९०२. तो आवाज आणि ते उच्चार तिथलेच, कमावलेले नाहीत. अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये शिकली, मग गावोगावच्या स्टॉक कंपन्यांमधून (म्हणजे कायम संच असलेल्या नाटक मंडळ्या) कामं केली, लग्न झालं, नवराही नटच पण तो पुढे जाहिरातीच्या धंद्यात गेला, दोन मुलं झाली आणि हिने काम जवळजवळ बंदच केलं. चाळिशीत रेडिओवर परत आली. आणि पहिला सिनेमा कधी, तर १९४७ ला, म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी! मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीटमध्ये मेसीज दुकानात पोराचं खेळणं शोधून दमलेली एक आई आहे, सांताक्लॉज तिला चक्क दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो, ती हीच. नामावलीत नावसुद्धा नाही. पण तो सीन बघा, पायांत गोळे आलेली बाई कशी उभी राहते ते, तेवढ्यावर फॉक्स स्टुडिओवाल्यांनी तिला धरून ठेवलं.

आणि टोनी, म्हणजे ब्रॉडवेच्या नाटकांचा मोठा पुरस्कार, मिळालाय हं. न्यू गर्ल इन टाऊन नावाचं म्युझिकल, युजीन ओनीलच्या ॲना ख्रिस्ती नाटकावरून केलेलं. १९५८ ला त्याच म्युझिकलमधल्या ग्वेन व्हर्डनबरोबर बरोबरी झाली आणि दोघींना प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून. ग्वेन व्हर्डन म्हणजे नाचात ब्रॉडवेची अव्वल. तिच्या शेजारी उभं राहून बरोबरीत सुटणं म्हणजे काय ते समजा.

खडूस_काका
चांगली आहे, मान्य. पण जरा अतिच चाललंय. बघावं तिथे तीच तिखट जिभेची मोलकरीण किंवा नर्स किंवा घरमालकीण. पिलो टॉकमध्ये डोरिस डेची कामवाली, रोज सकाळी हँगओव्हर. ऑल अबाउट ईव्हमध्ये बेटी डेव्हिसची ड्रेसर, म्हणजे नटीचे कपडे सांभाळणारी. एकच पाणी, ग्लास वेगळे. यात ऑस्कर द्यायचं तर कशाला द्यायचं?

विंगेतली_खुर्ची
काका, पिलो टॉकमध्ये रॉक हडसन तिला पाजून माहिती काढायला जातो आणि शेवटी तोच आडवा होतो, तो सीन विसरलात का :)

ईव्हबद्दल माझी तक्रार उलटी आहे. त्या सिनेमात ईव्ह ही गोड बोलून नटीची जागा घेऊ बघणारी पोरगी, तिचं पाणी सगळ्यात आधी कोण ओळखतं तर बर्डी, म्हणजे आपली थेल्मा. सगळी शिकलेली नाटकवाली मंडळी भुलतात आणि ही जुनी व्हॉडव्हिलवाली (नाच-गाणी-नकलांचे खेळ करणारी) पहिल्याच रात्री नाक मुरडते. आणि मग अर्ध्यातून ती गायब! निरोपाचा सीनसुद्धा नाही. मिसफिट्समध्येही तेच, मेरिलिन मन्रो आणि क्लार्क गेबलसमोर पहिला अर्धा भाग धमाल करते, हात गळ्यात बांधलेला, आणि पुढे घोडे पकडायला जाताना हिला मागेच ठेवलं. म्हणजे लेखकांना हिची गरज असते ती खरं बोलायला, आणि खरं बोलून झालं की गोष्टीत अडचण व्हायला लागते बहुतेक.

पाकीटमार
काकांनी पिकअप ऑन साऊथ स्ट्रीट (१९५३) बघितला नसावा. स्पॉयलर आहे, ज्यांना बघायचाय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

मो नावाची म्हातारी, रस्त्यावर नेकटाय विकते आणि पोलिसांना पाकीटमारांची खबर विकते, त्यातून पैसे साठवते, कशासाठी तर स्वतःच्या कबरीच्या जागेसाठी, कारण बेवारस म्हणून पुरलं जायची तिला भीती. आयुष्यभर सगळ्यांना विकलं पण शेवटी एकाचा पत्ता ती देत नाही. दमून खोलीवर येते, बूट काढते, ग्रामोफोन लावते, आणि पिस्तूल घेऊन आलेल्या माणसाशी असं बोलते जसं की आता फार थकले बाबा, काय ते उरक. त्यात विनोद नाही, तिखटपणा नाही, रडणं पण नाही. कॅमेरा ग्रामोफोनकडे वळतो आणि गोळी ऐकू येते. मी तो सीन चारदा मागे नेऊन बघितला. हे कुठल्या ग्लासातलं पाणी काका?

आळशी_प्रेक्षक
द मेटिंग सीझन पण टाका यादीत. पोराने श्रीमंत घरात लग्न केलंय, आई भेटायला येते तर सून तिला स्वयंपाकीण समजते आणि ही तसंच राहू देते. तिचा रोल खरं तर मुख्यच आहे पण नामांकन सहाय्यकमध्ये. आणि द मॉडेल अँड द मॅरेज ब्रोकर, त्यात ती वधूवर सूचक मंडळ चालवते! सगळा सिनेमा तिच्या खांद्यावर, नाव मात्र जीन क्रेनचं आधी.

अजून एक चुटपुट. द केटर्ड अफेअर, लेकीच्या लग्नखर्चावरून घरात होणारी रणं, ते १९५५ ला टीव्हीवर आलं तेव्हा आई थेल्मा होती. पुढच्या वर्षी सिनेमा झाला तर आई कोण, बेटी डेव्हिस. ईव्हमध्ये जिचे कपडे सांभाळले तिलाच रोल गेला.

खडूस_काका
पिकअप नव्हता बघितला. काल बघितला. मोलकरणीबद्दलचं मागे घेतो, पिलो टॉकबद्दलचं नाही.

रात्रपाळी
सगळ्यांचे आभार. पिकअप आज रात्री, मग ब्रोकर. बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ ऑफिसातल्या एकाने सुचवलाय, त्यात बर्ट लँकेस्टरची आई आहे म्हणे. कुणी बघितलाय का?

पाकीटमार
बघ. मुलासाठी जीव टाकणारी आई, आणि मुलाने तुरुंगातून लग्न केल्यावर तीच त्याच्या विरोधात उभी राहते. सहावं नामांकन तेच. हसायला मिळणार नाही, आधी सांगून ठेवतो.