स्लीव्ह सर्जरीनंतर वजन परत वाढतंय, ताई कोणाशी बोलतच नाही

कर्वेनगर_४११०५२:
माझ्या मोठ्या बहिणीची २०१९ मध्ये स्लीव्ह (वजन कमी करायची जठराची सर्जरी) झाली, इथे पुण्यातच. ११८ किलोवरून दीडेक वर्षात ७६ वर आली, शुगरच्या गोळ्या सुटल्या, घरात सगळे खूश होते. आता ९३ आहे. वजनाचं एक वेळ ठीक पण ती घराबाहेर पडणंच टाळतीये त्याची जास्त काळजी वाटते. हॉस्पिटलच्या पेशंटांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात रोज कोणी ना कोणी आधीचा आणि आताचा फोटो टाकतं, तो तिने म्यूट केलाय. गौरी जेवायला काकूंकडे गेलो तर सगळ्यांसमोर "एवढे लाख घालवून परत तेच का गं" झालं आणि ती हात धुवून उठलीच. फॉलोअपला चल म्हटलं की म्हणते डॉक्टरांना काय तोंड दाखवू. वजन परत वाढलेल्यांचा असा ग्रुप कुठे असतो का? आणि मी घरात नक्की काय करू?

तळजाईवाली:
माझं गॅस्ट्रिक बायपास झालंय (हृदयाचं नाही, तेही वजनासाठीचंच पोटाचं ऑपरेशन), माझंही वाढलं म्हणून लिहितीये. आधी ताईंना हे सांगा की थोडं वजन परत येणं बहुतेकांना होतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्या लोकांचा फार मोठा अभ्यास चाललाय, त्यात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एकदोन वर्षांत सरासरी ३२ टक्के कमी झालं आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे सरासरी माणसाचंही थोडं परत आलंच ना. तुमची ताई ११८ ची ९३ आहे म्हणजे अजूनही २५ किलो कमी आहे, हे तिला कोणी सांगितलंय का घरात?
ग्रुपचं म्हणाल तर त्या मोठ्या ग्रुपमध्ये गप्प झालेली माणसं बघा, त्यातली बरीचशी आपल्यासारखीच असतात. मी अशा दोघींना वेगळा मेसेज केला, आता आम्ही रविवारी सकाळी तळजाई टेकडीवर चालायला जातो, वजनाचे आकडे कोणी विचारत नाही. ताईंना यायचं असेल तर मला व्यनि (खाजगी मेसेज) करा, अगदी मनापासून सांगतीये.

सिंहगडरोड:
काकूंना तुम्ही स्वतः फोन करा, ताईवर सोडू नका. माझ्या बायकोच्या वेळी मी सासरी माहेरी दोन्हीकडे स्पष्ट सांगितलं की तिच्या ताटाबद्दल आणि वजनाबद्दल कोणी बोलायचं नाही, आग्रहही नाही आणि टोमणाही नाही. राग आला लोकांना, येऊ दे. आपल्याकडे आधी मोदकावर मोदक वाढतात आणि मग तेच लोक वजनाचा विषय काढतात, याचा मला मनस्वी संताप येतो.

आहारतज्ज्ञ_पुणे:
स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग काढतात, भुकेचं घ्रेलिन हार्मोन मुख्यतः तिथेच तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक लागत नाही. पुढे ती हळूहळू परत येते आणि जठरही थोडं ताणलं जातं, यात आळशीपणाचा काही संबंध नाही. बिस्किटं, चिवडा, आईस्क्रीम, गोड चहा हे पटकन खाली उतरतं, पोट भरल्यासारखं वाटत नाही आणि दिवसभर थोडंथोडं चालू राहतं. आधी पनीर, अंडं, उसळ, मग भाजी, भाकरी शेवटी. जेवताना पाणी नको. प्रोटीन रोज किमान ६० ग्रॅम.
पण फॉलोअप हवाच. शुगर परत चढलीये का, थायरॉइड, लोह, व्हिटॅमिन बी१२ आणि डी हे बघायला लागेल, शिवाय डिप्रेशनसाठी समुपदेशकही. आता वजन कमी करायची इंजेक्शनंही आहेत आणि सर्जरीनंतर वजन वाढलेल्यांना काही वेळा देतात, पण ते डॉक्टरच ठरवतील, मेडिकलमधून परस्पर आणू नका.

कर्वेनगर_४११०५२:
खूप आभार सगळ्यांचे. २५ किलो अजून कमीच आहे हे आमच्यापैकी कोणीच म्हटलं नव्हतं, आज जेवताना सांगितलं तर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली तळजाईवर किती वाजता जातात विचार. काकूंना उद्या फोन करते.

तळजाईवाली:
साडेसहाला, पाचगावच्या बाजूच्या गेटपाशी. सावकाश चालतो आम्ही, मध्ये बसतो पण. आणि पहिल्या फॉलोअपला तुम्ही आत तिच्यासोबत जा, बाहेर बाकड्यावर बसू नका.