कर्करोग संशोधनासाठी सायकलफेरी: किमान निधीची सक्ती हवी का?

चाकजोडी
कर्करोग संशोधनासाठी निघणाऱ्या अनेक मोठ्या सायकलफेऱ्यांत नोंदणी शुल्काशिवाय ठरावीक देणगी जमवावीच लागते. मुदतीत जमली नाही, तर उरलेली रक्कम स्वाराच्या क्रेडिट कार्डावरून वळती होते. माझ्या मते ही सक्ती हवीच. 'पॅन-मास चॅलेंज' ही सायकलफेरी १९८० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ३६ जणांनी सुरू केली, तेव्हा १०,२०० डॉलर जमले. आजवरची बेरीज एक अब्जाच्या वर आहे. स्वारांनी जमवलेले सगळे पैसे डेना-फार्बर कर्करोग संस्थेला जातात. आयोजनाचा खर्च शुल्क आणि प्रायोजकांकडून भागतो. किती येणार याची खात्री नसेल तर संस्थेने कोणत्या भरवशावर प्रकल्प हाती घ्यायचे?

उलटवारा
साफ असहमत. कार्डाचा नंबर मागितला की नवखा माणूस तिथेच गळतो. ज्या घरात उपचार चालू आहेत, तिथल्या माणसाला यायचं असतं मनापासून, पण त्याच्या कार्डावर आधीच बोजा असतो. ज्याचा गोतावळा पैसेवाला, त्याची रक्कम आठवड्यात पूर्ण! निदान ४०-५० किमीच्या छोट्या मार्गाला तरी ही अट नको.

हिशेबवही
उलटवारा, गोतावळ्याचा मुद्दा खरा आहे, पण रक्कम बहुतेक वेळा अडते ती उशिरा सुरुवात केल्यामुळे. शेवटच्या महिन्यात सरावाचे तास सर्वात जास्त असतात, आणि लोक नेमके तेव्हाच मागायला निघतात. चार महिने आधी सुरू करा. पहिली देणगी स्वतःची, मग जवळची दहा माणसं. ज्या स्वाराच्या ऑनलाइन देणगी-पानावर शून्य दिसतं, तिथे पैसे टाकायला कुणी धजत नाही. सगळ्यांना एकच ढकलसंदेश नको, प्रत्येकाला नावानिशी लिहा. देणगीदाराची कंपनी त्याच्या देणगीत तेवढीच भर घालत असेल तर त्याच्याकडून त्यासाठीचा अर्ज त्याच दिवशी भरून घ्या, नंतर राहूनच जातो. आणि फेरी संपली की जर्सीच्या पाठीचा फोटो पाठवा. त्यावर रुग्णांची नावं कापडी पट्टीवर पक्क्या मार्करने लिहिलेली असू द्या. कागदावरची शाई घामाने पहिल्या दोन तासांतच पसरते.

पाणथांबा
रकमेवर भांडताय, पण पैसा कशाला जातो ते कुणी विचारत नाही. पत्रकावर 'संशोधन' लिहिलेलं असतं, अहवालात मात्र जनजागृती आणि इमारत निधीही निघू शकतो. मोठी सरकारी अनुदानं मागताना प्राथमिक निष्कर्ष दाखवावे लागतात. नव्या कल्पनेकडे ते नसतात, आणि तिच्या पहिल्या वर्षाचे प्रयोग अशाच देणग्यांवर चालतात. कोणत्या कामाला किती पैसा गेला ही विभागणी आयोजक जाहीर करत नसतील, तर सक्तीचा हक्क त्यांना नाही.

उलटवारा
पाणथांबा, हे पटलं. हिशेबवही, तुमचं वेळापत्रक चोख आहे, पण कार्डाची भीती त्याने जात नाही. चौघांचा गट करून रक्कम एकत्र मोजा. एकाची जादा जमा दुसऱ्याच्या तुटीत वळवा आणि गटाचीच बेरीज कमी पडली तर उरलेले चौघांत वाटा.