आज सकाळी रॅम्पवर कोण होतं?

ए-२०३: सकाळी ७.४० ला बेसमेंटच्या रॅम्पवरून पांढरी गाडी कोणी वर आणली? नंबर माझ्याकडे आहे, पण स्वतःहून बोललात तर बरं वाटेल. सासूबाई आणि लेक भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या म्हणून वाचल्या. लेकीची निळी बाटली चाकाखाली जाऊन पोळीसारखी चपटी झालीये. चालवणाऱ्याची मान खाली होती. मोबाईल मांडीवर.

बी-१०४: अरे देवा. आजी बऱ्या आहेत ना?

सी-५०१: सुप्रभात सर्वांना 🙏

बी-७०२: रॅम्पच्या वळणावर बहिर्गोल आरसा लावा. मागच्या एजीएममध्ये ठराव झालेला आहे.

ए-२०३: काका, आरसा बघायलाही मान वर लागते.

बी-३०१: पांढऱ्या गाड्या सोसायटीत ११ आहेत. उगाच सगळ्यांवर शिंतोडे नकोत.

सी-२०२: तुमचं नाव कुणी घेतलं का साहेब? 😄

बी-३०१: बरं, मीच होतो. पण स्पीड नव्हता. फार तर २०. मेसेज आला म्हणून क्षणभर बघितलं. आता सिग्नलला आहे, पोचलो की सविस्तर बोलतो.

ए-५०४: म्हणजे आत्ताही टाईप करताय??

बी-३०१: लाल आहे. गाडी उभी आहे.

सी-६०३: २० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. दोन सेकंद खाली बघितलंत की ११ मीटर गाडी कुणीच चालवत नव्हतं. आपला रॅम्प तरी केवढा आहे? आणि सिग्नलचं म्हणाल तर, २०१५ मध्ये युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीतल्या बोलून चालणाऱ्या यंत्रणा तपासल्या होत्या. हात लावायचा नाही, नुसतं बोलायचं. तरी काहींमध्ये लक्ष पूर्ण रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत लागले. सिग्नल हिरवा होतो, डोकं ग्रुपवरच राहतं.

ए-५०४: म्हणूनच हिरवा झाला की मागचे हॉर्न मारतात.

सी-२०२: मागचे लाल असतानाच मारतात 😂

सी-४०२: हॉर्नचा विषय निघालाच आहे म्हणून. पहाटे साडेपाचला गेटवर हॉर्न मारून वॉचमनला आणि आम्हाला उठवणारेही याच ग्रुपवर आहेत.

ए-५०४: सरळ नाव घ्या की. विमान होतं माझं.

सी-४०२: दहा मिनिटं आधी निघायचं.

ए-५०४: तुमच्या पाहुण्यांची गाडी माझ्यापुढे आडवी लावलेली होती. ते सांगा ग्रुपला.

सी-२०२: विमानाचं चाक टेकलं की मान वाकडी करून सामानाच्या कप्प्याखाली उभे राहणारे ते तुम्हीच ना वहिनी? दार उघडायला अजून पंधरा मिनिटं असतात.

बी-७०२: आरसा. ठराव झालेला आहे.

बी-३०१: पोचलो. ताई, बाटलीची भरपाई करतो. पण राग मानू नका, रॅम्प गाड्यांसाठी आहे. चालायला शेजारी पायऱ्या आहेत.

ए-२०३: बाटलीसाठी लिहिलं नाही मी. आणि पायऱ्यांवर कुंड्या कुणाच्या आहेत ते घरी विचारा.

बी-१०४: 👆

बी-३०१: कुंड्या आज हलवतो. पण सकाळी सगळ्यांनाच घाई असते हो. मी थांबत थांबत आलो असतो तर मागे तीन गाड्या अडकल्या असत्या.

सी-६०३: घाईनेच अडकतात. जपानमध्ये २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, कुणी मधे आलं नाही. तरी कोणीतरी पुढच्याच्या जरा जवळ गेला, ब्रेक दाबला, मागच्याने त्याहून जोरात दाबला, आणि काही गाड्या चक्क थांबल्या. कोंडी मागे मागे सरकत राहिली. २००८ ला पेपर आलाय.

सी-२०२: म्हणजे सकाळी पावणेआठचं आपलं गेट.

सी-४०२: गाडीवाल्यांचंच कशाला? कानात इयरफोन घालून रॅम्पच्या मधोमध चालणारी मुलं आहेत. आणि रिक्षा थांबली की मागे न बघता धाडकन उतरणारे. परवा माझी स्कूटर थोडक्यात वाचली.

सी-६०३: गाडीचं दार दाराकडच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडायचं. अंग आपोआप वळतं, मागून येणारा दिसतो. मुलांना शिकवा, पटकन शिकतात.

ए-५०४: सर, तुम्ही क्लास घ्या. फी नको पण. 🙏

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, वैयक्तिक बोलू नये. रविवारी ११ ला कमिटी बसेल. रॅम्पवर १० च्या स्पीडचा बोर्ड आणि आरसा, दोन्ही विषय घेऊ. कोटेशन मागवतो.

बी-७०२: कोटेशन मी मार्चमध्येच दिलं आहे. परत पाठवतो.

बी-७०२: (पीडीएफ)

सेक्रेटरी: काका, उघडत नाहीये.

बी-७०२: (पीडीएफ)

बी-७०२: ठराव झालेला आहे.

बी-३०१: ताई, चूक झाली. संध्याकाळी आजींना भेटून जातो.

ए-२०३: या. त्या मलाच रागावल्यात, ग्रुपवर कशाला टाकलंस म्हणून. पण आज फिरायला खाली उतरल्या नाहीत.

बी-१०४: ताई, बाटलीचं झाकण तुटलेल्या कुंडीमागे सापडलं. वॉचमनकडे ठेवलंय.