मिग-२१ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलच्या (प्रमाण १/४८) कॉकपिटला रेझिन सेट: फ्युजलाज (विमानाचं धड) मिटत नाही

होटगी_रोड: रेझिन टब (कॉकपिटचा ओतीव आतला भाग) आणि रंगीत फोटो-एच पॅनल (कोरलेल्या पातळ पितळेचं, डायल छापलेलं) घेतलंय. टब बसवला की फ्युजलाजच्या दोन भागांत मिलिमीटरभर फट राहते. काय घासू, टब की प्लास्टिक?

जुना_कटर: आधी प्लास्टिक. आतल्या बाजूचं साइडवॉलचं (बाजूच्या भिंतीचं) मोल्डेड डिटेल, म्हणजे प्लास्टिकमध्येच उमटवलेला उठाव, पूर्ण उडवा, भिंत उजेडासमोर धरल्यावर पारदर्शक वाटेल इतकी पातळ करा. मग टबच्या तळाचा कास्टिंग ब्लॉक (ओतताना राहिलेला जादा रेझिनचा ठोकळा). फट बहुतेक वेळा तिथूनच येते. रेझर सॉने (बारीक दातांच्या पातळ करवतीने) कापा, २४० च्या पॉलिश पेपरवर पाणी टाकून घासा. कोरडं घासू नका, ती धूळ फुफ्फुसाला वाईट; मास्क हवाच. दर चार-पाच घाशांनंतर टेप लावून जुळवून बघा. रंगाआधी भांड्याच्या साबणाने धुवा, नाहीतर प्रायमर सालपटासारखा निघेल. साधं प्लास्टिक सिमेंट रेझिनला चिकटत नाही, सुपरग्लूच.

विजापूर_वेस: फोटो-एच पितळ मऊ करायला तापवतात, पण रंगीत पॅनल तापवू नका, छपाई जळते. पॅनलचे दोन थर एकमेकांवर ग्लॉस वार्निशने चिकटवा, आणि प्रत्येक डायलमध्ये एक थेंब सोडा, काच तयार. आतला निळसर हिरवा रंग छापील पॅनलशी जुळवूनच मिसळा.

जुना_कटर: आणि सोलापूरच्या मे महिन्यात अ‍ॅक्रिलिक एअरब्रशच्या टोकावरच सुकतं. रिटार्डर (रंगाचं सुकणं लांबवणारं द्रव्य) घाला, सकाळी लवकर मारा. कॅनॉपीला (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला) मात्र फेविकॉल. सुपरग्लूच्या वाफेने काच पांढरी पडते.