म्हणे डब्ल्यूएसएल टाका, दहा मिनिटांत काम सुरू!

टर्मिनलराव: काल इथे एका सूज्ञाने लिहिलं, "विंडोजवरच डब्ल्यूएसएल टाका, दहा मिनिटांत सगळं तयार, लिनक्स हवंय कुणाला?" डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवायची सोय. त्यात माझा अख्खा शनिवार गेला हो! डेस्कटॉप ८ जीबीचा. डब्ल्यूएसएल २ म्हणजे आत व्हर्च्युअल मशीनच, म्हणजे संगणकात दुसरा आभासी संगणक, न सांगता निम्म्या रॅमपर्यंत हात मारतं. वर अँड्रॉइडचा एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) उघडला, तर माउस हलेना. रविवारी थेट उबुंटू लिनक्स टाकलं, सुटलो.

ढब्बू मिरची: प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवला होतात ना? लिनक्सने तिथून फायली वाचायच्या म्हणजे दर फाईलला जकातनाका. लिनक्सच्या होममध्ये ठेवा, एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं आणणारं साधन) पळतं. रॅमला लगाम घालायला डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फायलीत एक ओळ पुरते. अंगण वाकडं नव्हतं, राव.

टर्मिनलराव: होय, सी ड्राइव्हवरच होता. झालं समाधान? पण हे त्या दहा मिनिटांत कुठे बसवलं होतं?

लोडशेडिंग: तुमचं चालू द्या. आमच्या बाबांनी नव्या पीसीवर हौसेने युजरचं नाव देवनागरीत घातलं. अँड्रॉइड अ‍ॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ एसडीकेचा, म्हणजे त्याच्या साधनांच्या फोल्डरचा, पत्ता बघूनच अडून बसला; त्यात युजरचं नाव येतं ना, असली अक्षरं चालत नाहीत म्हणे. शेवटी इंग्रजी नावाचं दुसरं खातं काढलं. बाबा विचारतात, "माझं नाव का पुसलंस?"

पाव्हणा: कोड लिहायचाय की लग्नपत्रिका? इंग्रजी नाव द्यायचं, विषय संपला.

लोडशेडिंग: पाव्हणे, देवनागरी युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) १९९१ पासून आहे, अँड्रॉइडचा जन्मही झाला नव्हता तेव्हा! आणि नावापुरतं नाही हे. गावांच्या नावांची साधी फाईल, मैत्रिणीच्या मॅकवर पायथॉन मुकाट वाचतं, माझ्या विंडोजवर एरर. कारण इथे ते यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची रूढ पद्धत) गृहीत धरत नाही, दर वेळी एन्कोडिंग हाताने लिहा. पायथॉन ३.१५ पासून म्हणे सुधारणार. तोवर मी कुठलं गाव बदलू?

पाव्हणा: बरं बाई, चुकलो. आमच्या तालुक्याच्या नावात तर 'ळ' आहे, तो इंग्रजीत कसा लिहायचा हेच अजून ठरलेलं नाही.

ढब्बू मिरची: धागा डब्ल्यूएसएलचा होता बहुतेक. टर्मिनलराव, तुमच्या उबुंटूवर आयफोनच्या अ‍ॅपचं बिल्ड होतं का?

टर्मिनलराव: नाही. त्याला लागणारं अ‍ॅपलचं एक्सकोड मॅकशिवाय चालत नाही, भाच्याचा मॅक मागून आणतो. तुमच्या विंडोजवर होतं?

ढब्बू मिरची: नाही. भाच्याकडे अजून एक आहे का?