फोल्डर आणि आतले सबफोल्डर ताडून पाहताना

विंडोजमधली फायली ताडणारी एफसी (fc) ही आज्ञा सबफोल्डरमध्ये उतरत नाही, मग त्यासाठी रोबोकॉपी (robocopy) ही फोल्डर कॉपी करणारी आज्ञा चालेल का, असं तुम्ही विचारलंत. चालेल, पण मिरर (/MIR, म्हणजे दुसरं फोल्डर हुबेहूब पहिल्यासारखं करणं) या पर्यायासोबत एल (/L) हा पर्याय दिल्याशिवाय एंटर दाबू नका. एल असेल तर नुसती यादी मिळते. तो राहिला तर मूळ ठिकाणी नसलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवरून खरोखर पुसल्या जातात.

शिवाय रोबोकॉपी फक्त आकार आणि वेळ बघते, आतला मजकूर नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ (FAT32) या फाइल-पद्धतीचा असेल तर वेळेची नोंद २ सेकंदांच्या टप्प्यांत होते, त्यामुळे तीच फाइल उगाच वेगळी दिसते. तिथे एफएफटी (/FFT) हा पर्याय जोडा, म्हणजे एवढा फरक धरला जात नाही.

लिनक्सवर मी डिफ (diff) या मजकूर ताडणाऱ्या आज्ञेलाच आर (-r, सबफोल्डरसकट) आणि क्यू (-q, फक्त वेगळ्या फायलींची नावं) हे पर्याय लावते. घरच्या फोटोंच्या दोन प्रती ताडताना एका फोटोवर 'डिफर' (म्हणजे वेगळा) आलं. आकार तोच, तारीख तीच, पण उघडला तर खालचा अर्धा भाग करडा! आकार-तारखेच्या तपासणीत तो कधीच सापडला नसता. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. आरसिंक (rsync) ही कॉपी करणारी आज्ञाही सी (-c) पर्यायाने चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, काढून मजकूर तपासते. मात्र एन (-n) जोडा, म्हणजे काहीच कॉपी होणार नाही.